आयतं बीळ

हनुवटीखाली, खवल्याच्या आड
एक गोचीड.
चिमट्याने ओढली तेव्हा
तिच्या पोटात अजून तिकडचं रक्त होतं.
पांढऱ्या कागदावर मसुराएवढा ठिपका.
का कोण जाणे, मी ती काडेपेटीत ठेवली.

क्रेचमार म्हणाला होता, जन्म फार्मवरचा,
माणसाच्या हाताची सवय, पहिल्यापासून काचेतच.
कागद होता. कागदावर शिक्का होता.
शिक्क्यावर बोट ठेवून त्याने मला
एकशेवीस युरोंना तू विकलीस,
वर पाण्याचा वाडगा फुकट.

मी अडतीस वर्षं ट्राम चालवली.
रूळ नेतील तिकडे गेले.
कागद बघून माणूस खरा मानायची सवय.

पांढऱ्या उंदराकडे तू पाहिलंही नाहीस.
मग करडा. मग कोमट पाण्यात बुडवून.
मग शेपटीला धरून
लाइपझिगच्या स्वयंपाकघरात सत्तरीची बाई
मेलेला उंदीर नाचवते रात्री अकरा वाजता,
आणि तू आपली वेटोळ्यात डोकं खुपसून
मुठीसारखी मिटलेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या अकुवीला बोलावलं,
मूळची ती टोगोची, नोत्सेकडची.
दारातच थांबली.
"कोरड्या दिवसांत निघतात कुदळी घेऊन.
उंदरांच्या बिळांत खांद्यापर्यंत हात घालतात.
पोटुशीच शोधतात. माझा भाऊही जायचा."
मी तोंड उघडलं, काहीतरी कडक बोलणार होते.
ती म्हणाली, "एका अजगरात
त्याच्या पोरीच्या दोन वह्या यायच्या.
तुमच्या एकशेवीसमध्ये किती येतात?"

मी मूग गिळले.
त्या दिवशी या घरात
गिळलं गेलं ते तेवढंच.

पोटुशी हा शब्द तेव्हा
माझ्या कानावरून गेला होता.

मार्चात एका पहाटे काचेवर वाफ दिसली.
तू मिटलेली नव्हतीस,
तू भिंत झाली होतीस, गोल,
आणि आत सहा अंडी एकमेकांना चिकटून.
इथे तुला कुणी नर दाखवला नव्हता.
म्हणजे ती तिकडूनच आली, त्याच पोत्यातून:
विमानाच्या पोटात तू,
तुझ्या पोटात ती,
आणि मोजणाऱ्याने लिहिलं, नग एक.

क्रेचमारला फोन केला, भांडायला.
तो हसला. पिल्लं माझ्याकडेच आणा, म्हणाला,
चांगला भाव देईन.
आणि आता तरी तक्रार नको,
ही तर खरोखरच काचेत जन्मतील.

खरं आहे.
त्याच्या कागदावरचं पहिलं खरं वाक्य
माझ्या फ्रीजशेजारी उबत होतं.

परत पाठवू कुठे तुला?
डॉक्टर म्हणते, इथले जंतू तिकडे नकोत.
आणि बीळ तर कुदळीने फोडलेलं.
तुझी जात आयत्या बिळात राहणारी,
उंदराने खणायचं, तू नांदायचं;
उंदीर सोडला तर कुणाची तक्रार नव्हती.
आता बीळ मी आणलंय, बुचाच्या सालीचं,
वर साठ वॅटचा दिवा, भिंतीवर तापमापक.
आयत्यावर कोण बसलंय या घरात,
ते मला विचारू नकोस.

आज पाच पिल्लं.
सहावं अंडं पिवळं पडून आत गेलं.
आणि तू उंदीर घेतलास,
एका झडपेत, तपकिरी, पहिल्यांदाच.
मी एकटीच टाळ्या वाजवल्या.
मग हात मांडीखाली घेऊन बसले.

नोंदणीचा फॉर्म समोर आहे.
पिल्लांची संख्या: पाच.
जन्मस्थळ: स्वयंपाकघर, असं लिहिलं नाही, शहर लिहिलं.
आईचं मूळ ठिकाण.
नोत्से लिहिलं. खोडलं. मला ठाऊक नाही.
फार्म लिहिलं. तेही खोडलं.
उरलेली जागा नखाएवढी.

काडेपेटी उघडली
आणि त्या जागेत
डिंकाने गोचीड चिकटवली.